नाताळात वाजवणाऱ्यांचे आभार: आधी वही, मग शाल

गेल्या नाताळला चर्चमध्ये आभार मानायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 25 तारखेच्या सकाळी समोर बसलेल्यांकडे बघत मी एकेकाचं नाव घेत गेलो. पेटी, कीबोर्ड, दोन गिटारवाले, गायकवृंद, अगदी साउंडवाला पोरगासुद्धा. टाळ्या झाल्या. तबलजी तेवढा राहिला. तो त्या सकाळी ड्युटीवर होता, समोर दिसला नाही, म्हणून आठवलाच नाही.

तर पहिलं काम वहीचं. घरोघरी नाताळगीतं गात कॅरल फेरी निघते त्या रात्रीपासून वही ठेवा: कोणत्या रात्री कोणी काय वाजवलं. 24 ची रात्र वेगळी, 25 ची सकाळ वेगळी, सरावाला येऊन ऐन उपासनेला न आलेले वेगळे. समोर कोण बसलंय ते बघून यादी करायची नाही. परत सांगतो, समोर बघून नाही. आमचा तबलजी कॅरलच्या सगळ्या रात्री गळ्यात ढोलकी अडकवून कुडकुडत फिरला होता. 24 ला मैदानातल्या मांडवात दवानं तबला सारखा उतरत होता आणि हा प्रत्येक गीताआधी हातोडीनं गठ्ठे ठोकून तो सुरात आणत होता. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजनं म्हणायची तर तबल्याशिवाय भागत नाही, आणि टाळ्या मात्र गिटारवाल्यांना.

31 च्या वॉच नाईटला, म्हणजे वर्षअखेरच्या रात्रीच्या उपासनेला, तो आला, वाजवलं, तबला गवसणीत घातला. मी माफी मागायला गेलो तर म्हणाला, "असू द्या की हो सर." आणि चहा न घेता गेला. तो चहा न घेता गेला तेच अजून डोक्यातून जात नाही.

नाव नीट लिहून घ्या, आडनावासकट, आणि पाळकसाहेबांकडे चिठ्ठी आदल्या दिवशीच द्या. आभार आशीर्वचनाच्या आधी. नंतर लोक पायात चपला घालून बिर्याणीच्या वाटेला लागलेले असतात, कोणी थांबत नाही. जो हजर नाही त्याचं नाव सगळ्यांत आधी घ्या. हजर असलेल्याला माणसं बघतात तरी.

शाल-श्रीफळ ठीक. हिमरू शाल एकदोघांनाच देणार असाल तर देऊच नका, बाकीचे मोजत बसतात. पाकिटाचं जरा सांभाळून. सेवा म्हणून वाजवणाऱ्याच्या हातात सगळ्यांसमोर नोटा ठेवल्या की त्याला मजुरी दिल्यासारखं वाटतं. लांबून गाडीवर येणाऱ्याचा पेट्रोलचा खर्च बाजूला घेऊन द्या, त्याला नाही म्हणायची सवय असली तरी द्या.

आणि केक. आपल्याकडे तबला-ढोलकीला गावच्या भजनी मंडळातला माणूस हमखास असतो, बहुतेक वेळा माळकरी. त्याला अंड्याचा केक चालत नाही. बिनअंड्याचा आणा, नाहीतर करंज्या-शंकरपाळे वेगळ्या डब्यात बांधून द्या. एकादशी आहे का तेही कॅलेंडरात बघा. 2020 साली मोक्षदा एकादशी नेमकी 25 डिसेंबरलाच आली होती. अशा दिवशी डबा हातात देऊन "खा ना, खा ना" म्हणण्यात काय अर्थ?

हारतुरे नकोत, फूल एक पुरे. भाषण तर नकोच. ज्याचं राहिलंय त्याच्या घरी जाऊन भेटा, फोनवर उरकू नका. फोटो, खुर्च्या, चहा तरुण संघ बघेल. वॉच नाईटला वाजवणारे निराळे असतात, त्यांची नावं त्याच वहीत, मागच्या पानावर. वही 1 जानेवारीपर्यंत खिशातच ठेवा.