काळ्या रानातल्या जीपचं मागचं डिफरन्शियल वेल्ड करायचं असेल तर

पावसाळा लागला की मंगळवेढ्याकडची गिऱ्हाइकं होटगी रोडला आमच्या गॅरेजात येऊन एकच मागतात, "मिस्त्री, मागची दोन्ही चाकं एक करून टाका." त्यांचंही खरं आहे. ज्वारीच्या काळ्या रानात एक चाक रुतलं की ते जागेवर गरगर फिरतं आणि कोरड्यातलं चाक नुसतं बघत बसतं. साधं डिफरन्शियल, म्हणजे एक्सलच्या मधली, दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गियरची जोडणी, दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, त्यामुळे घसरणारं चाक जेवढा पेलेल तेवढाच दुसऱ्याला मिळतो. ट्रॅक्टरला यासाठी पायाशी लॉकचं पेडल असतं. जुन्या जीपला काही नसतं, म्हणून आतले स्टार गियर (मधले छोटे) आणि साइड गियर (एक्सलला जोडलेले) वेल्ड करून एकजीव करायचे.

पण आधी मी विचारतो, गाडी डांबरीवर किती फिरणार? मागच्या चाकांत १.४ मीटर अंतर धरलं, तर एका पूर्ण गोल वळणात बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जवळपास ९ मीटर जास्त चालतं. चाकं जखडली की हा फरक टायर घासून निघतो, नाहीतर एक्सल पिळून. सात रस्त्याला वळताना टायर ओरडतील, ओल्या रस्त्यावर मागची बाजू सटकेल. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच. असले बदल केलेली गाडी रस्त्यावर चालत नाही. लग्नाला-बाजाराला जाणारी गाडी असेल तर मी सरळ नाही म्हणतो. माणूस रुसला तर रुसू दे.

दुसरी अट माझी: गाडीचं मूळ केज, म्हणजे हे गियर ज्यात बसतात ते घर, वेल्ड करायचं नाही. त्याच मेकचं जुनं केज गियरसकट भंगारातून आणा आणि ते वेल्ड करा. उद्या गाडी विकायची झाली तर मूळ केज परत बसतं. क्राउन (केजवर बसणारं मोठं गियर) आणि बेअरिंग लावण्याआधीच वेल्डिंग उरकत असल्यामुळे त्यांच्यावर ठिणगी उडत नाही, बेअरिंगमधून करंटही जात नाही.

केज डिझेलमध्ये धुवा, मग थिनरने पुसा. दातांच्या बुडात तेल राहिलं तर मण्याला (वेल्डच्या रेघेला) भोकं पडतात, म्हणून इथे घाई नको. गियर कडक पोलादाचे असतात, थंडगार वेल्ड केले तर मणी शेजारून तडकतो. गॅसने साधारण २०० डिग्रीपर्यंत तापवा. वेल्डिंगची कांडी ७०१८ नंबरची, ओव्हनमध्ये वाळवलेली. पावसाळी हवेत उघडं पडलेलं पाकीट नको. स्टारचे दात साइड गियरच्या दातांत जिथे बसतात ती खाच भरायची. एक टाका इकडे, एक समोरच्या बाजूला, म्हणजे ओढ एकीकडे जात नाही. केजच्या अंगाला मात्र कांडी लावू नका, ते बहुतेक बिडाचं असतं. झालं की कोरड्या चुन्याच्या भुकटीत पुरून ठेवा आणि सकाळीच काढा. पाणी मारणाऱ्या पोराला आधीच दम देऊन ठेवा.

गार झाल्यावर एक्सल दोन्ही बाजूंनी आत सरकतो का बघा. वेल्डिंगच्या गोट्या, चुरा काही राहू देऊ नका. गाडी घोडीवर (लोखंडी स्टँडवर) घेऊन मूळ केज काढताना बेअरिंगच्या कॅपवर पंचाने डावी-उजवी खूण करा. कॅपची अदलाबदल चालत नाही. केज बदललं की जुन्या शिमवर (माप जुळवायच्या पातळ चकत्यांवर) विसंबू नका. क्राउन आणि त्याला फिरवणारं पिनियन यांच्या दातांमधली मोकळीक (बॅकलॅश) डायल गेजने कंपनीच्या मापात आणा, निळा रंग लावून दातांवरचा ठसा बघा. इथे टाळाटाळ केली तर महिन्याभरात डिफरन्शियल रडायला लागतं.

तपासणी सोपी आहे. दोन्ही चाकं उचला, गियर न्यूट्रल, एक चाक हाताने फिरवा. आधी दुसरं उलटं फिरायचं, आता त्याच दिशेला फिरलं पाहिजे. गियरचं तेल ९० नंबरचं, जीएल-५ दर्जाचं. रानात थोडे दिवस चालवून ते सोडा आणि तळाला चकचकीत तुकडे दिसले तर झाकण परत उघडा.