कलम 25 शेवटून वाचायला घ्या

कोल्हापुरात लॉ करताना पहिल्याच मूटला, म्हणजे अभिरूप न्यायालयाच्या स्पर्धेत, माझ्या वाट्याला ‘नेसेसिटी’ आली: नाइलाज होता म्हणून नियम मोडला, हा देशाचा बचाव. आमच्या काल्पनिक देशाने शेजाऱ्याशी केलेला करार मोडून धरणाचे दरवाजे उघडले होते आणि बचाव मला करायचा होता. 2019 चा महापूर पाहिलेला मी, मला काय अवघड! राजाराम बंधाऱ्याला पाणी 39 फुटांवर गेलं की इशारा, 43 ला धोका, हे आमच्याकडे शाळकरी पोरंही सांगतात. मेमोरिअलमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, नुसत्या पुराचीच दोन पानं भरली.

जजनी ती उलटलीही नाहीत. विचारलं, “गाळ काढायचं काम कुणी थांबवलं?” आमच्याच देशाने. केसच्या कागदांत ते होतं, मी वाचून सोडून दिलं होतं. नंतर चहाच्या गाड्यावर सीनियर म्हणाला, “भावा, खड्डा तुझाच, आणि पडलो म्हणून तूच बोंबलतोयस.”

हा बचाव येतो आंतरराष्ट्रीय विधी आयोगाच्या देशांच्या जबाबदारीवरच्या 2001 च्या मसुद्यातून. त्यातलं कलम 25 सुरूच नकाराने होतं: अमुक असल्याशिवाय हा बचाव घेता येणार नाही. गंभीर आणि येऊन ठेपलेला धोका, दुसरा मार्गच नाही, समोरच्याच्या मूलभूत हिताला गंभीर बाधा नाही. यातलं एक निसटलं तरी बचाव गेला. शेवटची अट, परिस्थिती ओढवायला स्वतः हातभार लावलेला नसणं, नवखे हमखास विसरतात.

त्यासाठी आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा 1997 चा हंगेरी-स्लोव्हाकिया निकाल मुळातून वाचा; गाइडमधला सारांश नको. डॅन्यूबवरच्या धरणांचा करार 1977 चा. हंगेरीने 1983 मध्ये काम सावकाश करा म्हटलं, 1989 च्या सुरुवातीला वेगाने करा म्हटलं आणि त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या बाजूच्या नागिमारोस धरणाचं काम थांबवलं. न्यायालयाने नेसेसिटी हे तत्त्व मान्य केलं, हंगेरीची नेसेसिटी नाही; एक कारण हेच, परिस्थिती ओढवायला तिचाही हातभार होता.

परदेशी गुंतवणूकदार कंपन्यांनी अर्जेंटिनावर केलेल्या केसेस नंतर घ्या. आर्थिक संकट तेच, पण सीएमएस कंपनीच्या केसमधल्या लवादाने 2005 मध्ये बचाव फेटाळला आणि एलजी अँड ई कंपनीच्या केसमधल्या लवादाने 2006 मध्ये ठरावीक काळापुरता मानला. तिथे गुंतवणूक करारातलं स्वतंत्र कलमही मध्ये येतं. आधी वाचलंत तर गोंधळ ठरलेला. त्याच मसुद्यातलं कलम 27 मात्र पहिल्याच दिवशी वाचा: बचाव टिकला तरी भरपाईचा प्रश्न उरतोच.

आणि मराठीत नोट्स काढताना इंग्रजी ‘स्टेट’साठी ‘राज्य’ लिहू नका, ‘देश’ लिहा. अलमट्टीवरून भांडायची सवय आपल्याला; माझ्या जुन्या वहीत हंगेरी आणि कर्नाटक एकाच रकान्यात बसलेत.