उलट्या होडीवर रंगाची गन मारण्याआधी

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करण्यात माझी २२ वर्षं गेली. होडी पहिल्यांदा शेडमध्ये आली ती २०१९ च्या महापुरानंतर. तालमीची १४ फुटी फायबरची होडी. आंबेवाडी-चिखलीतनं माणसं काढताना बुडालेल्या कंपाउंडांवर, तारांवर घासून तिचं बूड ओरबाडून निघालं होतं. फायबरचे धागे उघडे पडले की पाणी आत शिरतं, म्हणून हा रंग नुसता शोभेचा नाही.

होडी जुन्या टायरांवर पालथी घाला आणि आधी ती वाळली आहे का बघा. पॉलिथिनचा हातभर तुकडा बुडावर चारी बाजूंनी टेपनं चिकटवून रात्रभर ठेवा. सकाळी आतून दव धरलं असेल तर होडी अजून ओली आहे. आठ-पंधरा दिवस थांबा. ओल्या फायबरवर मारलेला रंग फोड धरतो.

मग धुणं. घासायचा पेपर मारायच्या आधी फायबरवरचं मेण निघालं पाहिजे, नाहीतर पेपर तेच मेण ओरखड्यांत भरत जातो. साबणाच्या पाण्यानं धुवा, वाळल्यावर दोन सुती फडकी घ्या : एक वॅक्स रिमूव्हरमध्ये भिजवलेलं, दुसरं कोरडं. ओल्यानं पुसलं की लगेच कोरड्यानं उचला, आणि फडकी बदलत राहा. नंतर तांब्याभर पाणी ओता. पाणी सलग चादरीसारखं पसरलं तर झालं. थेंब गोळा झाले तर परत पुसा.

खड्डे भरायला गाडीला लावतात ती लांबी (पुट्टी) वापरू नका. ती पाणी पिते. बुडाला इपॉक्सीचीच लांबी लागते, म्हणजे राळ आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारी. इपॉक्सी वाळल्यावर वर एक चिकट, मेणचट थर येतो. तो साध्या पाण्यानं आणि हिरव्या घासणीनं धुऊन काढा, मगच पेपर.

खरं काम इथं आहे. लहान ठोकळ्यानं घासलं की ठोकळा खड्ड्यात उतरतो आणि खड्डा तसाच राहतो. मी दोन फुटी लवचीक फळीला ८० नंबरचा पेपर लावतो आणि तिरपे हात मारतो, एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. त्याआधी काळ्या स्प्रेचा अगदी विरळ शिडकावा देतो. घासताना उंचवट्यांवरचा काळा जातो, खोलगट जागी राहतो. तिथं परत लांबी. डोळा फसतो, म्हणून तळहाताखाली पातळ सुती कापड धरून, डोळे मिटून हात फिरवा. कापड सरकतं आणि बोटांना केसाएवढी लाटसुद्धा कळते. नंतर १२०, १८०. मग इपॉक्सी प्रायमरचे, म्हणजे रंगाखालच्या थराचे, दोन हात, १.८ मिमीच्या नोझलनं, आणि त्यावर ४०० चा पेपर. मला या सगळ्याला पाच दिवस लागतात. गन मारायला एक दुपारही लागत नाही.

हवा बघून दिवस धरा. कोल्हापुरात मी फेब्रुवारी-मार्च धरतो. सकाळी दहाच्या आत नाही, कारण पालथ्या बुडावर दव असतं आणि पीयू (पॉलियुरेथेन) रंगाच्या हार्डनरचं पाण्याशी वाकडं. एप्रिल-मेमध्ये रंग हवेतच वाळतो आणि खरखरीत बसतो, शिवाय संध्याकाळी वळीव. शिवारात उसाचं पाचट पेटवलं असेल तर काळी राख शेडपर्यंत येते. त्या दिवशी गन हातात घेऊ नका. धूळ बसायला जमिनीवर पाणी मारायचं ते तासभर आधी.

एकदा पहिला हात मारल्या मारल्या रंगात नाण्याएवढे खड्डे उघडत गेले. आत खाली प्रायमर दिसायचा. शेजारच्या गाळ्यात कुणी डॅशबोर्डला सिलिकॉनचं पॉलिश मारत होतं, तेच हवेतनं आलं. रंग वाळू दिला, सगळा घासून काढला, धुतला आणि परत सुरुवात केली. तेव्हापासून रंगाच्या दिवशी शेडमध्ये आणि शेजारी सिलिकॉनचा डबा उघडू देत नाही.

रंग दोन पॅकचा पीयू. हार्डनरचं प्रमाण डब्यावर असेल तेच, अंदाजानं नाही, आणि गाळल्याशिवाय गनमध्ये नाही. नोझल १.३ किंवा १.४. कॉम्प्रेसरच्या लाइनीला पाणी गाळणारा फिल्टर हवाच. पहिला हात विरळ, नुसता धरण्यापुरता. तो बोटाला चिकटेल पण बोटावर येणार नाही इतका झाला की दुसरा ओला हात. गन सहा ते आठ इंचांवर, बुडाला समांतर. मनगट वळवू नका, आपण स्वतः चाला. ट्रिगर कडेच्या बाहेर दाबा, पलीकडे जाऊन सोडा. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्याच्या अर्ध्यावर आला पाहिजे. एक बाजू टोकापासून टोकापर्यंत न थांबता. बॅटरी तिरपी धरून ओल्या कडेकडे बघत राहा : संत्र्याच्या सालीसारखं दिसलं तर रंग घट्ट आहे किंवा गन लांब आहे, ओघळ आला तर हात मंद.

एका गोष्टीत मी कुणाचं ऐकत नाही. या हार्डनरमधल्या आयसोसायनेट या रसायनानं कायमचा दमा जडू शकतो, आणि तोंडाला बांधलेला रुमाल त्याला अडवत नाही. बाहेरच्या हवेची नळी लावलेला मास्क मिळत नसेल तर गन ठेवा, रोलरनं लावा आणि लगेच मऊ ब्रशचं टोक हलकं फिरवा. फिनिश थोडा कमी येईल, चालेल.

आमची होडी वर्षभर कोरडी टांगलेली असते, म्हणून बुडालाही पीयू चालतो. कायम पाण्यातच उभ्या राहणाऱ्या होडीला पाण्याखालच्या भागात तो चालत नाही. तिथं पाण्याखालचा म्हणून विकला जाणारा रंगच घ्या.

धुळीचा कण बसला तर आठवड्यानं १५०० चा वॉटर पेपर आणि चकाकी आणायचं रबिंग कंपाउंड. त्या आठवड्यात होडी पाण्यात नाही आणि दोरीवरही नाही. नंतर टांगताना दोरीवर सायकलची जुनी ट्यूब चढवा. आमची पहिल्या वर्षी नुसत्या दोरीवर टांगली होती, आणि दोन्ही कडांना दोरीचे वळ उठले होते.