उमेदवाराची सैनिकी कारकीर्द तपासताना या चुका टाळा

निवडणूक जवळ आली की कोल्हापूर जिल्ह्यातल्या डिजिटल फलकांवर ‘माजी सैनिक’ हे दोन शब्द हमखास झळकू लागतात. ज्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातल्या एका गावाचे नावच सैनिक टाकळी आहे, तिथे या शब्दांना मतांचे वजन असणारच. म्हणून दाव्याची खातरजमा करणे रास्तच आहे. मात्र ती धसमुसळेपणाने केली, तर प्रामाणिक माणूस नाहक बदनाम होतो आणि थापा मारणारा सहीसलामत सुटतो.

सर्वांत मोठी चूक प्रश्नातच असते. ‘हा खरेच मिलिटरीत होता का?’ असे आपण विचारतो; पण आपल्या बोलण्यात लष्कर, सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ आणि कोल्हापुरातली टेरिटोरियल आर्मीची (आपापला व्यवसाय सांभाळून सेवा देणाऱ्यांच्या राखीव सेनेची) बटालियन हे सगळे ‘मिलिटरी’च असते. सीमा सुरक्षा दल आणि सीआरपीएफ गृह मंत्रालयाच्या अखत्यारीत येतात, टेरिटोरियल आर्मी मात्र लष्कराचाच भाग आहे. त्यामुळे दल कोणते, युनिट कोणते, भरती कोणत्या साली आणि बाहेर पडणे कोणत्या साली व कोणत्या कारणाने, असे सुटे प्रश्न विचारावेत. थाप मारणारा बहुधा शेवटच्या प्रश्नाला अडखळतो.

दुसरी चूक म्हणजे सगळे उत्तर प्रतिज्ञापत्रात शोधणे. विधानसभा किंवा लोकसभेच्या उमेदवाराच्या नमुना २६ या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, कर्जे, शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्नाचे स्रोत असतात. सैनिकी सेवेचा स्वतंत्र रकाना नसतो. तरीही उत्पन्नाचा रकाना बोलका ठरतो. जवानाला साधारणपणे १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन मिळते. तेव्हा वीस वर्षे नोकरी केल्याचे सांगणाऱ्याच्या उत्पन्नात पेन्शनच नसेल, तर विचारायला जागा आहे. मात्र शॉर्ट सर्व्हिस कमिशनच्या, म्हणजे ठरावीक वर्षांपुरत्याच नेमलेल्या, अधिकाऱ्याला सहसा पेन्शन नसते, हे विसरून आरोप करू नये.

पदकांच्या बाबतीत तर भलताच गोंधळ होतो. आमच्या चुलत्यांच्या घरी भिंतीवरच्या काचेच्या चौकटीत चार पदके आहेत आणि येणारा प्रत्येक पाहुणा ‘काका, कारगिल लढला काय?’ असे विचारतो. त्यातले एक ऑपरेशन विजय, म्हणजे कारगिल युद्धाच्या मोहिमेचे, सेवापदक आहे; १९९९ मध्ये ते राजस्थानच्या बाजूला तैनात होते आणि तसे ते स्वतःच स्पष्ट सांगतात. प्रत्यक्ष कारगिलच्या कारवाईसाठी ऑपरेशन विजय स्टार हे वेगळे पदक आहे. सेवापदक, म्हणजे शौर्यासाठी नव्हे तर सेवेबद्दल मिळालेले पदक, दाखवून शौर्याचा आव आणणारे आहेत, तसे सेवापदक बघून ‘एवढेच काय?’ म्हणून हिणवणारेही आहेत, आणि दोघेही चुकतात. वीर चक्र, शौर्य चक्र यांसारखी शौर्यपदके राजपत्रात जाहीर होतात, त्यामुळे ती पडताळणे सोपे आहे.

‘कॅप्टन’ या बिरुदावरून लगेच खोटारडा ठरवू नये. चांगली सेवा बजावलेल्या सुभेदार, सुभेदार मेजर अशा ज्येष्ठांना २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टला मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा दर्जा दिला जातो. फलकावरून ‘मानद’ शब्द गळला असेल तर तेवढेच विचारावे.

कोणीतरी व्हॉट्सॲपवर टाकलेला कागद हा पुरावा नव्हे. २००४ साली अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या नॅशनल गार्ड या राखीव दलातील सेवेबद्दल सीबीएस या तिथल्या वाहिनीने कथित जुनी पत्रे दाखवली. ती अस्सल असल्याचे सिद्ध करता न आल्याने वाहिनीला माफी मागावी लागली आणि मूळ प्रश्न बाजूलाच पडला. माहितीच्या अधिकारात दुसऱ्याचे सेवापुस्तक मिळेल, ही अपेक्षाही फोल आहे. वैयक्तिक माहिती म्हणून असे अर्ज सहसा फेटाळले जातात.

म्हणून सरळ उमेदवारालाच डिस्चार्ज बुक दाखवायला सांगावे. सेवेतून मुक्त होण्याचे कारण आणि चारित्र्याचा शेरा त्यात नोंदवलेला असतो. वैद्यकीय कारणाने किंवा स्वतःच्या विनंतीवरून बाहेर पडणे म्हणजे बडतर्फी नव्हे. पेन्शन क्रमांक आणि बँकेचा तपशील झाकून बाकीचे पान दाखवायला हरकत नसावी.