ऑर्किडच्या ग्रीनहाऊसला ऊब देताना या चुका टाळा

मुंबईत किंवा कोकणात ऑर्किडसाठी हीटर लावायची वेळ सहसा येत नाही. नाशिक, निफाड, पुणे या भागांत मात्र डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांखाली उतरतो. अशा वेळी गच्चीवरच्या पातळ फिल्मच्या ग्रीनहाऊसमध्ये पहाटे जवळपास बाहेरइतकाच गारठा असतो. मग घाईने हीटर आणला जातो आणि नेमक्या त्याच हिवाळ्यात कळ्या गळू लागतात.

सगळ्या झाडांना एकच तापमान

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. ऑर्किडच्या प्रत्येक प्रकाराची गरज वेगळी: फॅलेनॉप्सिसला रात्री १८ अंश हवेत आणि व्हँडाला १६ च्या खाली नको. कॅटलियाला १३ ते १५ पुरतात. सिंबिडियम १० अंशांवर खूश असतं, एखादी रात्र ७-८ वर गेली तरी त्याचं बिघडत नाही. उलट त्याला उबदार रात्री मिळाल्या तर फुलांचा दांडा येत नाही, आलाच तर कळ्या पिवळ्या पडून गळतात. डेंड्रोबियम नोबिलला हिवाळ्यात गार, कोरडी विश्रांती लागते. ऊब, पाणी आणि खत चालू ठेवलं, तर फुलांच्या जागी खोडावर पिल्लं (छोटी रोपं) फुटतात. सह्याद्रीतल्या सीतेच्या वेणीला, या रानटी ऑर्किडला, तर हीटरची गरजच नाही.

म्हणून संपूर्ण ग्रीनहाऊस तापवू नका, त्याचे दोन भाग करा. किती वॅट लागतील ते काढायला सोपा हिशोब आहे: भिंती आणि छत मिळून चौरस मीटर × ६ × आतल्या-बाहेरच्या तापमानातला फरक. (६ म्हणजे पातळ फिल्मच्या दर चौरस मीटरमधून एका अंशाच्या फरकामागे बाहेर जाणारे वॅट.) ३ × २ मीटरच्या, २.२ मीटर उंच ग्रीनहाऊसचं हे क्षेत्र २८ चौ.मी. भरतं. बाहेर ७ आणि आत १८ अंश धरले तर २८ × ६ × ११, म्हणजे सुमारे १,८५० वॅट. फटींतून जाणाऱ्या उष्णतेसाठी २५ टक्के वाढवले की आकडा २,३०० वर जातो.

आता एका टोकाला १.२ मीटरवर फिल्मचा पडदा लावा आणि त्या भागाला आतून बबल रॅपचं अस्तर द्या. अस्तर लावल्यावर ६ ऐवजी ४ ने गुणायचं. पडद्यातून जाणारी उष्णता आणि फटी धरूनही काम १,००० वॅटच्या आत होतं. फॅलेनॉप्सिस आणि व्हँडा या उबदार भागात ठेवा. कॅटलियाही इथेच, पण बाहेरच्या भिंतीलगत खालच्या फळीवर: तिथे जरा गार असतं आणि तिला लागणारा जास्तीचा उजेडही मिळतो. सिंबिडियम आणि नोबिल पडद्यापलीकडे, दाराजवळ.

चुकीचा हीटर, चुकीच्या जागी सेन्सर

सळीचे आणि हॅलोजनचे हीटर समोरचं पान भाजतात आणि लांबची कुंडी गारच ठेवतात. पंख्याचा हीटर किंवा ऑइल हीटर घ्या. शेगडी, रॉकेलचा स्टोव्ह, गॅस बंद जागेत कधीही नको. अर्धवट ज्वलनातून इथिलीन वायू निघतो आणि त्याने कळ्या उमलण्याआधीच सुकतात. कार्बन मोनॉक्साइड तर माणसाच्या जिवावर बेततो.

थर्मोस्टॅटचा (ठरलेल्या तापमानाला हीटर चालू-बंद करणाऱ्या साधनाचा) सेन्सर हीटरच्या झोतात किंवा उन्हात टांगू नका. तो झाडांच्या उंचीवर, सावलीत असावा. शेजारी किमान-कमाल थर्मामीटर लावा, म्हणजे पहाटे चार वाजता काय झालं ते सकाळी कळतं. मंद गतीचा छोटा पंखा रात्रभर फिरता ठेवला नाही, तर गरम हवा छताशी साचते आणि मुळं थंडच राहतात.

कोरडी हवा आणि रात्रीचा फवारा

१० अंशांची ९० टक्के आर्द्रतेची हवा १८ अंशांवर नेली की आर्द्रता ५४ टक्क्यांवर येते. हे पाहून अनेक जण संध्याकाळी पानांवर फवारा मारतात. ते पाणी फॅलेनॉप्सिसच्या शेंड्यात रात्रभर साचतं आणि शेंडा काळा पडून कुजतो. फवाऱ्याऐवजी दुपारी जमीन आणि विटा भिजवा. पाणी सकाळी दहानंतर घाला आणि तेही टाकीतलं गारठलेलं नको. गार पाण्याने फॅलेनॉप्सिसच्या पानांवर खळगे पडतात. ते काही आठवड्यांनी दिसत असल्यामुळे लोक बुरशी समजून औषधं मारत बसतात.

दुपार विसरणे

आपल्याकडचं हिवाळी ऊन कडक असतं. बंद ग्रीनहाऊस दुपारी ४० अंशांपुढे जातं. नऊच्या सुमारास खिडक्या उघडा आणि साडेचारला बंद करा. उबदार भागात उन्हात पाण्याने भरलेलं २०० लिटरचं काळं पिंप ठेवा. रात्री ते ५ अंशांनी गार होईपर्यंत सुमारे १.२ युनिट उष्णता सोडतं, आणि वीज गेली तर तोच आधार असतो.

वायरिंग

१,००० वॅटचा हीटर ४.३ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौ.मि.मी.ची तांब्याची वायर आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवा, अर्थिंगसकट. गच्चीवर ओढलेलं घरगुती एक्स्टेंशन बोर्ड चालणार नाही. थर्मोस्टॅटमध्ये चालू आणि बंद होण्याच्या तापमानांत २ अंशांचा फरक ठेवा, नाहीतर हीटर सतत चालू-बंद होऊन रिलेचे पॉइंट जळतात.