हजाराची आरडी: पाच वर्षांनी काढू नका, पुढे चालवा

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात महिन्याला हजारभर रुपये बाजूला पडतात ते बहुधा भिशीत नाहीतर पिग्मीत, म्हणजे रोज थोडी थोडी रक्कम भरायच्या ठेवीत. भिशीत आपलेच पैसे फिरून हातात येतात, व्याज शून्य. पिग्मीवाला रोज दुकानात येतो ही सोय खरी, पण वर्ष भरले की रक्कम मोडली जाते. चक्रवाढीला लागतो वेळ, आणि तोच तिला मिळत नाही.

पोस्टाच्या आरडीचा, म्हणजे दरमहा ठरावीक हप्ता भरायच्या आवर्ती ठेवीचा, दर ऑक्टोबर 2023 पासून 6.7 टक्के आहे. व्याज दर तिमाहीला मुद्दलात मिळवतात. 10,000 रुपयांवर पहिल्या तिमाहीत 167.50 रुपये, दुसरीत 170.31. फरक पावणेतीन रुपयांचा, म्हणून कुणाला पटत नाही. आता लांबचे बघा. महिना 1,000 भरले तर पाच वर्षांत 60,000 चे 71,366 होतात, व्याज 11,366. तेच खाते आणखी पाच वर्षे चालवले, तर 1,20,000 चे सुमारे 1,70,855. म्हणजे दुसऱ्या पाच वर्षांतच व्याज 39,489, पहिल्याच्या जवळपास साडेतीनपट!

खाते महिन्याच्या 15 तारखेपर्यंत उघडले, तर पुढचा हप्ताही दर महिन्याला 15 च्या आत भरायचा. नंतर उघडले तर महिनाअखेरपर्यंत. चुकला तर शंभराला महिना एक रुपया दंड. सलग चार चुकले की खाते बंद पडते, दोन महिन्यांत चालू करून घ्यावे लागते. उसाच्या बिलावर घर चालत असेल तर बिल आले की बारा हप्ते एकदम भरा; महिना शंभराच्या हप्त्यामागे बारा हप्त्यांवर मिळून 40 रुपये सूट मिळते.

मुदत संपताच खाते वाढवण्याचा अर्ज स्वतः द्या. तीन वर्षांनंतर मोडता येते, पण मुदतीच्या एक दिवस आधी मोडले तरी बचत खात्याचाच दर लागतो. अडचण आली तर मोडण्याआधी कर्जाचे विचारा: बारा हप्ते झाले की जमेच्या निम्म्यापर्यंत मिळते, आरडीच्या दरावर दोन टक्के जादा व्याजाने.

मात्र अंगावर शेकडा दोनचे कर्ज असेल तर आरडी थांबवा, आधी ते फेडा. महिना दोन टक्क्यांनी व्याज थकत गेले आणि मुद्दलात चढत गेले, तर 10,000 चे 36 महिन्यांत 20,399 होतात. आरडीच्या दराने दुप्पट व्हायला साडेदहा वर्षे लागतात.