‘स्ट्रीट्स ऑफ फायर’वर प्रेक्षकांची मते कशी नोंदवावीत

नौपाड्यातील आमच्या घरी महिन्यातून एका शनिवारी आठ-दहा जण चित्रपट पाहण्यासाठी जमतात आणि प्रत्येकाचे मत एका वहीत उतरवले जाते. बहुतेक चित्रपटांच्या बाबतीत हे काम सोपे असते. वॉल्टर हिल यांचा १९८४ चा ‘स्ट्रीट्स ऑफ फायर’ मात्र वहीला दाद देत नाही, कारण त्याची कथा एका वाक्यात संपते: रॉक गायिकेला मोटारसायकलवाल्यांची टोळी भर कार्यक्रमातून पळवून नेते आणि सैन्यातून परतलेला तिचा पूर्वीचा प्रियकर तिला सोडवून आणतो. साहजिकच ‘कथेत काही नाही’ हे मत सर्वांत आधी येते, आणि तेवढेच लिहून वही मिटली तर चित्रपटाविषयी काहीच नोंदवले गेले नाही असे समजावे.

सुरुवात आवाजापासून करावी. टीव्हीच्या अंगच्या स्पीकरवर हा चित्रपट दाखवू नये, दोन बरे स्पीकर कोणाकडून तरी मागून आणावेत. पहिल्याच काही मिनिटांत जिम स्टाइनमन यांचे गाणे दणक्यात सुरू होते, म्हणून आवाजाची पातळी संवादांवर न लावता त्या गाण्यावर लावून पाहावी आणि ती खालच्या मजल्यावरच्या काकूंना सोसेल इतकी ठेवावी. चित्रपट दीड तासाचाच असल्याने साडेसातला सुरू केल्यास चर्चेसह दहाच्या आत सारे आटोपते. सोसायटीच्या सभागृहात जाहीर खेळ लावायचा झाल्यास हक्कधारकांची परवानगी लागते, त्यामुळे आम्ही आपल्या दिवाणखान्यातच बसतो.

खेळाआधी कमीत कमी बोलावे. ही रॉक अँड रोलची दंतकथा आहे आणि ती कोण्या दुसऱ्याच काळात, दुसऱ्याच ठिकाणी घडते, असे चित्रपट स्वतःच आरंभी लिहून दाखवतो. तेवढे मराठीत सांगितले की पुरे. ‘कल्ट’ (म्हणजे मोजक्या पण निष्ठावान चाहत्यांनी डोक्यावर घेतलेला चित्रपट) हा शब्द तर कटाक्षाने टाळावा, कारण तो ऐकला की निम्मे लोक भक्तिभावाने बसतात आणि उरलेले खोड्या काढायला टपून राहतात. सुमारे दीड कोटी डॉलर खर्चून केलेल्या या चित्रपटाने अमेरिकेत ८० लाखांच्या आसपासच कमावले आणि त्याचा चाहतावर्ग पुढे हळूहळू तयार झाला, ही माहिती मते लिहून झाल्यावर द्यावी.

मते आधी लिहून घ्यावीत आणि मगच बोलू द्यावे, हा नियम आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. पहिल्या वेळी आमच्यातील एका ज्येष्ठ गृहस्थांनी दिवा लागताक्षणी ‘सगळा पोकळ थाट’ असा निकाल दिला आणि त्यानंतर खोलीतील प्रत्येकाला तो थाट पोकळच दिसू लागला. आता शेवटचे गाणे संपताच पोस्टकार्डाच्या आकाराची कोरी चिठ्ठी आणि पेन्सिल हातात देतो व पाच मिनिटे कोणीही बोलत नाही.

चिठ्ठीवर ‘आवडला का’ हा प्रश्न नसावा. कोणते दृश्य डोळ्यांपुढे राहिले, कोणत्या गाण्याच्या वेळी पाय हलला, कंटाळा नेमका कुठे आला, असे विचारावे. शैली हाच ज्या चित्रपटाचा ऐवज आहे, त्याच्याबद्दल प्रेक्षकाने काय पाहिले व काय ऐकले हे आधी यावे आणि निवाडा नंतर. एका तरुणीने लिहिले होते, ‘रेल्वेच्या पुलाखालचा ओला रस्ता आणि निऑनचे दिवे, घोडबंदर रोडला मेट्रोच्या खांबांखालून रात्री पावसात गेले की असेच वाटते.’ दहा विशेषणांपेक्षा ही एक ओळ मला मोलाची वाटते. शिकागोतील उन्नत रेल्वेखालचे रस्ते या चित्रपटात खरे आहेत, मात्र बरीचशी रात्र स्टुडिओच्या आवारावर प्रचंड ताडपत्री ताणून दिवसा उभी केलेली आहे, हे तिला नंतर सांगितले तेव्हा तिने चिठ्ठीतील एकही अक्षर बदलले नाही.

नायक मायकेल पारे ‘लाकडी’ आहे, ही तक्रार हमखास येते. तिच्यावर वाद न घालता पुढचा प्रश्न विचारावा: हाच नायक अधिक बोलका असता, तर चित्रपट सुधारला असता की बिघडला असता? येथे खरी मतभिन्नता बाहेर पडते. एमी मॅडिगन यांनी रंगवलेली सैनिक बाई मूळ लिखाणात पुरुष होती, हेही याच वेळी सांगावे. विलेम डॅफो यांच्या खलनायकाबद्दल मात्र काही विचारावे लागत नाही, लोक आपणहून लिहितात.

डायन लेन पडद्यावर गातात, पण तो आवाज लॉरी सार्जंट आणि हॉली शेरवूड यांचा आहे. पार्श्वगायनावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला यात फसवणूक वाटत नाही. दोन बायकांचे आवाज एका ओठांवर कसे बसवले, एवढेच कुतूहल तो दाखवतो.

कोणीतरी एन. चंद्रा यांच्या १९८८ च्या ‘तेजाब’ची आठवण काढणारच, कारण पळवलेली कलावंतीण आणि तिला आणायला गेलेला जुना प्रियकर हा सांगाडा तिथेही आहे. या तुलनेला शेवटची दहा मिनिटे राखून ठेवावीत. ती आधी सुरू झाली तर सगळे माधुरीवर बोलत बसतात (मीसुद्धा) आणि हिल यांचा चित्रपट बाजूला पडतो.

वहीत उतरवताना मतांची सरासरी काढू नये आणि तारे तर देऊच नयेत. एकाच दृश्यावरील परस्परविरोधी मते शेजारी-शेजारी लिहावीत. शेवटच्या घणांच्या द्वंद्वाला आमच्याकडे एकाने ‘हास्यास्पद’ म्हटले आणि दुसऱ्याने ‘याच्यासाठीच बसलो होतो’ असे लिहिले, ते दोन्ही एका ओळीत आहे. मूळ चिठ्ठ्या जपून ठेवाव्यात आणि महिन्याने, पुढच्या बैठकीत, ज्याची त्याला परत देऊन मागच्या कोऱ्या बाजूवर आता काय आठवते ते पेनाने लिहायला सांगावे. त्या ज्येष्ठ गृहस्थांच्या चिठ्ठीच्या मागे दोनच शब्द आहेत: ‘शेवटचे गाणे.’